दहा मालकांची घोडी

रेसच्या घोडीत दहा टक्के भागीदारी आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हटकून विचारतो, ‘दहा टक्के म्हणजे नेमका कुठला भाग?’ गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत पुण्यातल्या ज्या मंडळींच्या मागे मी हिंडलो, त्यांतल्या दंतवैद्य बाईंचं उत्तर तयार असतं: ‘दात.’ लक्ष्मी रोडवर साड्यांचं दुकान असलेले दोघे भाऊ शेपटीवर हक्क सांगतात. मंडळाचा हिशेब ठेवणारे निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांना हा विनोद फारसा आवडत नाही. ते म्हणतात, ‘घोडी अख्खी प्रत्येकाची. बिल तेवढं एक दशांश.’

दहा जणांत हे चौघे आहेत. शिवाय हडपसरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणारे एक गृहस्थ, इंदापूरकडचे एक बागायतदार, निवृत्त कर्नलसाहेब, बाणेरची एक सॉफ्टवेअरवाली मुलगी आणि दर महिन्याला पैसे पाठवून व्हॉट्सअॅपवर फक्त अंगठा उमटवणारे दोघे. घोडीचं खरं नाव छापायचं नाही या अटीवर त्यांनी मला आत घेतलं. तबेल्यात तिला छबी म्हणतात, मीही तेच म्हणतो.

काकांच्या वहीत पहिली नोंद आहे ती खरेदीची: साडेसहा लाख. म्हणजे प्रत्येकी पासष्ट हजार. दोन वर्षांच्या शिंगरांच्या लिलावात ती घेतली. लिलावाच्या पुस्तकात प्रत्येक जनावराचं एक पान असतं. बाप, आई, आईची आई, आणि त्यांच्या पोटी कोण कोण जन्मलं नि काय जिंकलं. मोठ्या शर्यती जिंकणाऱ्यांची नावं जाड ठशात छापलेली असतात. स्थळ बघायला निघालेल्या घरात कुंडली फिरावी तसं ते पान महिनाभर या दहा जणांत फिरलं. छबीच्या पानावर जाड ठशातलं नाव एकच होतं आणि तेही पणजीच्या बहिणीचं. शिवाय उजवा पुढचा पाय किंचित आत वळलेला. म्हणून तर ती साडेसहा लाखांत मिळाली. पाय सरळ आणि पान जाड असतं, तर लिलाव या मंडळींच्या आवाक्याबाहेर गेला असता.

एकट्याने घोडा पाळणं हे एके काळी संस्थानिकांचं काम होतं. राजपिपळ्याच्या महाराजांच्या विंडसर लॅडने १९३४ साली इंग्लंडची एप्सम डर्बी जिंकली. बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४५ साली अठ्ठावीस हजार गिनी मोजून एक शिंगरू घेतलं, त्याला आजोबांचं नाव दिलं, आणि ‘सयाजीराव’ने १९४७ साली आयरिश डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर अशा दोन्ही शर्यती मारल्या. संस्थानं गेली, तनखे गेले. मग उद्योगपती आले. आता तबेल्यांच्या पाट्यांवर भागीदारांची नावं वाढत चालली आहेत. शर्यती भरवणाऱ्या क्लबाच्या दृष्टीने यात प्रत्येक जण मालकच असतो. त्याला क्लबाकडे रीतसर नोंदणी करावी लागते, कागदपत्रं द्यावी लागतात, आणि एकाला पुढारीपण घेऊन ट्रेनरशी बोलावं लागतं. जॉकीच्या अंगावरच्या रेशमी सदऱ्याचे रंगही नोंदवावे लागतात. रंगांवरून या मंडळींची तीन संध्याकाळी वादावादी झाली. त्या वादाचं इथे काही सांगत नाही. दहा मराठी माणसं आणि एक भगवा रंग, एवढं पुरे.

मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई आणि बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे. दोघेही बसत मात्र घोड्यावरच. आजचा मालक घोडा स्वतःचा असूनही कधी त्यावर बसत नाही. त्याने हात लावायचा तोही मोतद्दाराला विचारून.

छबीच्या मोतद्दाराला सगळे मामा म्हणतात. मूळचे सोलापूरकडचे. वय साठीच्या आसपास, स्वतःलाही नक्की ठाऊक नाही. पुण्याच्या रेसकोर्सवर पहाटे उजाडायच्या आधी ट्रॅकवर्क सुरू होतं. लष्कराच्या जमिनीवरचं हे मैदान, शेजारी एम्प्रेस गार्डनची जुनी झाडं. अंधारात आधी श्वास ऐकू येतात, मग टापा, आणि घोडा दिसतो तो अगदी जवळ आल्यावर. कठड्याला टेकून ट्रेनर हातात स्टॉपवॉच धरून उभा असतो. त्याच्या तोंडून निघणारी भाषा आकड्यांची: ‘सहाशे एकोणचाळीसमध्ये, आरामात.’ म्हणजे शेवटचे सहाशे मीटर एकोणचाळीस सेकंदांत, आणि तेही स्वाराने जोर न लावता. तो आकडा दहा मिनिटांत दहा फोनवर पोचतो. वर्कशॉपवाल्यांना त्याचा अर्थ सुरुवातीला कळत नव्हता, पण ‘आरामात’ या शब्दाने त्यांचा दिवस चांगला जाई.

घोडी परतली की मामांचं काम सुरू. आधी तिला पाऊण तास हातात धरून चालवतात, घाम वाळेपर्यंत. मग अंघोळ, मग खरारा. आणि मग एक गोष्ट, जी बघायला मी पुन्हा पुन्हा थांबलो. मामा तिच्या पुढच्या पायाशी उकिडवे बसतात, गुडघ्याखाली दोन्ही बाजूंनी तळवे लावतात आणि डोळे मिटून हात हळूहळू खाली टाचेपर्यंत आणतात. मग दुसरा पाय. मग परत पहिला. दोन्ही पायांच्या उष्णतेत फरक आहे का, ते त्यांचे तळवे बघत असतात. पायाच्या मागच्या बाजूला बोटाएवढी जाड शीर असते, ट्रॅकवाले तिला टेंडन म्हणतात. घोडा भरधाव असताना एका क्षणी सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो आणि तो भार घोड्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असतो. छबीचं वजन साडेचारशे किलोच्या वर. ही शीर तुटायच्या आधी तापते. सोनोग्राफीत दिसायच्या आधी तळव्याला कळते.

‘मशीन येतंय नंतर, सायेब,’ मामा म्हणाले. ‘त्याच्या आधी पाय सांगतो. ऐकाय पायजे.’

खाण्याचाही एक पाठ असतो. ओट, गव्हाचा कोंडा, भिजवलेला हरभरा, लसूणघास, आणि मामांच्या खिशातला गुळाचा खडा, जो ट्रेनरला माहीत असून माहीत नसतो. घोड्याला उलटी होत नाही. पोटात काही बिघडलं तर ते वर येऊन मोकळं होत नाही, म्हणून पोटशूळ हा तबेल्यातला सगळ्यात धास्तीचा शब्द. गव्हाणीत दाणे शिल्लक राहिले की मामा आधी ट्रेनरला फोन करतात आणि नंतर चहा पितात.

* * *

रेसचं पंचांग पावसावर चालतं. मुंबईचा मोसम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, महालक्ष्मीला. पावसाळ्यात तिथली जमीन धावण्याजोगी राहत नाही, म्हणून जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत मोसम पुण्याला. घोडे, सईस, जमादार, नालबंद, ट्रेनर अशी सगळी वसाहतच वर्षातून दोनदा घाट चढते-उतरते. छबी गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर ट्रकातून मुंबईला गेली. मामा तिच्याबरोबर मागेच उभे. मंडळींनी निघताना नारळ फोडला.

डिसेंबरात पहिली शर्यत, असा बेत होता. डिसेंबरात तिची पुढच्या पायांची नळी दुखरी झाली. कोवळ्या घोड्यांना हे होतंच. वेगाच्या माराने हाड नव्याने घट्ट होऊ पाहतं आणि त्या घडणीत पुढची बाजू सुजते. औषध एकच, विश्रांती. ग्रुपवर ट्रेनरचा निरोप आला आणि त्याखाली पहिल्यांदा शांतता पसरली. मग बाईंनी लिहिलं, ‘दुधाचे दात आहेत म्हणायचे.’

१ जानेवारीला छबी तीन वर्षांची झाली. आपल्याकडे शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकाच दिवशी, नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला धरतात. प्रत्यक्षात तिचा जन्म एप्रिलमधला. म्हणजे जानेवारीत जन्मलेल्या, तीन महिने आधी ऊन खाल्लेल्या घोड्यांशी तिने बरोबरीने धावायचं. मोठ्या वयात या तीन महिन्यांनी काही बिघडत नाही, पण कोवळेपणी बिघडतं. कर्नलसाहेबांना हा नियम अन्यायाचा वाटतो. काका म्हणतात, शाळाप्रवेशालाही अशीच एक तारीख असते.

फेब्रुवारीत इंडियन डर्बी. २४०० मीटर. १९४३ साली ही शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा जिंकणारी प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडीच होती, हे बाईंनी मला दोनदा सांगितलं. सगळे मुंबईला गेले, टोप्या-गॉगल घालून, आणि त्यांची स्वतःची घोडी त्याच आवारात पायांना थंड पट्ट्या बांधून उभी होती. महालक्ष्मीचं मैदान १८८३ सालचं. एका बाजूला समुद्राचं वारं, दुसऱ्या बाजूला उभे होत चाललेले मनोरे. त्या जमिनीची नवी वाटणी ठरून गेली आहे: साधारण २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबाकडे. क्लबाच्या सभासदांनी २०२४ साली यावर मतदान केलं. साडीवाल्या भावांपैकी धाकट्याने मैदानाकडे बघत मनातल्या मनात चौरस फुटांचा भाव काढला आणि मग स्वतःच म्हणाला, ‘नको, डोकं फिरतं.’

मार्चमध्ये ती एकदाची धावली. अकरा घोड्यांत आठवी. फाटक उघडलं तेव्हा ती क्षणभर उभीच राहिली, मग पुढच्यांच्या टापांतून उडणारी माती तोंडावर आली तशी बिचकली. जॉकी खाली उतरला आणि हिंदीत दोन वाक्यं बोलला: डर गई थी, पर दम है। हे ‘दम है’ पुढचे सहा आठवडे मंडळाला पुरलं. एप्रिलमध्ये ती चौथी आली. चौथ्या नंबरालाही थोडं बक्षीस असतं. काकांनी वहीत जमेच्या बाजूला पहिला आकडा लिहिला तेव्हा त्याच्या फोटोला ग्रुपवर नऊ बदाम आले.

नंतर आला उन्हाळा, आणि भागीदारीची खरी परीक्षा उन्हाळ्यातच होते. शर्यत नाही, फोटो नाही, पण महिन्याची बेचाळीस हजारांची वर्गणी चालू. ट्रेनरचं बिल, खाणं, मामांचा पगार, नालबंद, डॉक्टर. कधी नुसतंच रक्ततपासणीचं बिल. घोडी काही करत नसते तेव्हाही ती खात असते. मे महिन्यात धाकट्या भावाने सुचवलं की बंगळुरूचा उन्हाळी मोसम चालू आहे, तिकडे पाठवू. ट्रेनर म्हणाला, हाडं अजून कोवळी आहेत, पुण्याची वाट पाहा. मतदान झालं. सहा विरुद्ध चार. चार जण दुखावले. वर्कशॉपवाल्यांनी काकांना खासगीत विचारलं की आपला भाग कुणी घेईल का.

इथे माझं एक मत नोंदवतो. भागीदारीने घोडा स्वस्त होतो हे खरं, पण त्यामुळे तो वेगळाच होतो. एकटा मालक हौसेने चुकतो आणि स्वतःपुरता निस्तरतो. दहा जणांना प्रत्येक निर्णय एकमेकांना समजावून सांगावा लागतो आणि त्या समजावण्यात जनावराचा फायदा होतो, कारण घाईला कुणी ना कुणी विरोध करतंच. छबी मेमध्ये बंगळुरूला गेली नाही, ते ट्रेनरच्या शहाणपणाइतकंच त्या सहा मतांमुळे. एका श्रीमंत, उतावळ्या मालकाकडे ती असती तर गेली असती.

* * *

सॉफ्टवेअरवाल्या मुलीने हे सगळं सुरू केलं ते ‘ड्रीम हॉर्स’ हा २०२० चा सिनेमा बघून. त्यामागची खरी गोष्ट सिनेमापेक्षा हिशेबी आहे आणि म्हणून मला जास्त आवडते. वेल्समधल्या सेफन फॉरेस्ट नावाच्या जुन्या कोळसाखाणींच्या गावात जॅन व्होक्स ही बाई कामगारांच्या क्लबात मद्य वाढायची आणि सुपरमार्केटमध्ये साफसफाई करायची. क्लबात येणारे हॉवर्ड डेव्हिस हे कर सल्लागार, घोड्यात आधी एकदा हात पोळलेले. जॅनने नवऱ्याबरोबर एक पडेल घोडी स्वस्तात घेतली, तिला शिंगरू झालं, आणि गावातल्या वीसेक लोकांनी आठवड्याला दहा पौंड वर्गणी ठरवून ते वाढवलं. खाणीच्या राडारोड्यावरच्या भाजीच्या वाफ्यात ते शिंगरू लहानाचं मोठं झालं. ड्रीम अलायन्स त्याचं नाव. २००८ मध्ये त्याची शीर फाटली. मामा ज्या शिरेवर तळवे फिरवतात तीच. मूळपेशींचे उपचार झाले, दीडेक वर्ष गेलं, आणि २८ डिसेंबर २००९ रोजी त्याने चेपस्टोची वेल्श नॅशनल जिंकली. एकूण बक्षिसं एक लाख अडतीस हजार पौंडांच्या घरात. आता हिशेबाचा शेवट ऐका: सगळा खर्च वजा जाता प्रत्येक भागीदाराच्या हाती १४३० पौंड आले. देशभर गाजलेल्या, चित्रपट निघालेल्या घोड्याच्या मालकांची ही कमाई. अमेरिकेत शाळूसोबत्यांच्या मंडळाने पंचाहत्तर हजार डॉलरना घेतलेल्या फनी साइडने २००३ ची केंटकी डर्बी मारली, तेव्हा ही मंडळी शर्यतीला पिवळी स्कूल बस भाड्याने करून गेली होती. अशा गोष्टी सांगितल्या जातात, कारण त्या विरळा असतात. न जिंकलेल्या घोड्यांच्या स्कूल बसबद्दल कुणी लिहीत नाही.

छबीच्या मंडळातले बागायतदार यात सगळ्यात निवांत. त्यांच्या घरी बैलगाडा शर्यतीचे बैल आहेत. तिथे अनेकदा एक बैल एका घरचा आणि जोडीचा दुसऱ्या गावच्या घरचा असतो, आणि जिंकल्यावर दोन्ही घरांत गुलाल जातो. ‘भागीत जनावर पाळणं आम्हाला नवं नाय,’ ते म्हणाले. ‘फक्त बैल हरला तर पेरणीला तरी येतो.’

* * *

जुलैत पुणे. पाऊस, मऊ जमीन, आणि कळलं की छबीला मऊ जमीन मानवते. पहिल्याच शर्यतीत ती दुसरी आली, एका मानेने मागे. फोटोत दोन्ही घोड्यांची तोंडं दिसतात आणि तिचं तोंड हातभर मागे आहे. ऑगस्टमध्ये ती जिंकली.

जिंकण्याचा क्षण दीड-दोन मिनिटांचा असतो, पण खरी झुंबड पुढे. विजेत्या घोड्याला लगाम धरून मालकाने आत आणायचं, अशी रीत आहे. लगाम एक, मालक आठ हजर. पावसाने चिखल झालेला. कर्नलसाहेबांनी शिस्तीत सगळ्यांना वयानुसार उभं केलं आणि लगाम बाईंच्या हाती दिला, कारण पान महिनाभर वाचून ही घोडी निवडली होती त्यांनी. बाईंना घोडीची भीती वाटते हे तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. त्यांनी लगामाचं टोक धरलं, मधला भाग मामांनी, आणि फोटोत त्यामुळे मामा आले. सहसा ते फोटोत नसतात. जॉकी काट्यावर जाऊन खोगिरासह वजन देऊन आला, शर्यत वैध ठरली आणि मगच टोटच्या, म्हणजे क्लबाच्या अधिकृत पैजेच्या, फलकावर भाव लागला. मंडळातल्या चौघांनी तिच्यावर पैसे लावले होते. काकांनी लावले नव्हते, लावत नाहीत. चाळीस वर्षं बँकेत काढली आहेत.

बक्षिसातून ट्रेनर आणि जॉकीचा टक्का जातो, मग उरतं ते दहाने भागायचं. मामांना मंडळाने वेगळं इनाम दिलं. किती, ते मामांनी मला सांगितलं नाही आणि काकांनीही नाही.

आणि जिंकताच शिक्षा झाली. रेसमधला चढउतार बाहेरच्या माणसाला नशिबाचा वाटतो, पण बराचसा तो नियमाने घडवलेला असतो. प्रत्येक घोड्याला मानांकनाचा आकडा मिळतो. सगळ्यात खालचा, पाचवा वर्ग ४ ते ३० चा, चौथा २० ते ४६, तिसरा ४० ते ६६, दुसरा ६० ते ८६ आणि पहिला ८० च्या वर. एका वर्गात धावणाऱ्यांमध्ये मानांकनाच्या एका गुणाला अर्धा किलो या दराने वजन वाढतं. चाळीस गुणांच्या घोड्याने वीस गुणांच्या घोड्यापेक्षा दहा किलो जास्त वाहायचं, खोगिराखालच्या कापडात शिशाच्या पट्ट्या सरकवून. हँडिकॅपर नावाच्या अधिकाऱ्याचं कामच हे की कागदावर सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर पोचावेत. म्हणजे छबी जिंकली की तिचं ओझं वाढणार, हरत राहिली की उतरणार, आणि मग कधी तरी पुन्हा जिंकणार. हे समजल्यावर वर्कशॉपवाले म्हणाले, ‘म्हणजे इन्क्रिमेंट मिळालं की टॅक्सचा स्लॅब वाढतो.’

सप्टेंबरात वाढलेल्या वजनासह ती वरच्या वर्गात धावली. सातवी.

टॅक्सचा विषय निघालाच आहे तर तोही संपवतो, कारण मालकांच्या गप्पांत शर्यतीइतकाच तो असतो. बक्षिसाचा पैसा येतो मुख्यतः क्लबाच्या उत्पन्नातून, आणि क्लबाचं उत्पन्न टोटवर तिकीट घेणाऱ्या अनोळखी माणसाकडून. २०१७ पासून या पैजेवर २८ टक्के जीएसटी होता आणि तो क्लबाच्या दलालीपुरता न राहता पैजेच्या संपूर्ण रकमेवर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. शंभराच्या पैजेवर एवढा कर बसला की खेळणारा बेकायदा बुकीकडे वळतो, क्लबाची पेटी हलकी होते आणि छबीच्या चौथ्या नंबराचं बक्षीस आणखी आक्रसतं. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटलं होतं. तरी कराच्या तक्त्यात ती कॅसिनोच्या शेजारी बसते. मालकाचं आयकराचं दुखणं निराळं. आयकर कायद्यातल्या एका कलमाप्रमाणे शर्यतीचे घोडे पाळण्यातला तोटा फक्त घोड्यांच्याच उत्पन्नातून वजा करता येतो, पगारातून किंवा धंद्यातून नाही. पुढे ओढायचा तर चार वर्षंच. साडीवाल्या थोरल्या भावाने हे कलम उशिरा वाचलं.

ऑक्टोबरात एका पहाटे मामांचे तळवे उजव्या पायावर थांबले. आत वळलेला, तोच. त्यांनी परत डावा बघितला, परत उजवा. घोडी लंगडत नव्हती, खाणंही पूर्ण संपवलं होतं. ट्रेनरने हात लावला, त्याला शंका वाटली. सोनोग्राफीत टेंडनमध्ये डाळीएवढा काळा ठिपका आला. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलं. सहा ते आठ महिने विश्रांती आणि नंतर बघू.

मग काकांच्या घरी बैठक, फराळाच्या आधीची. वही उघडली. वर्षाचा खर्च पाच लाख नव्वद हजार. बक्षिसातून हाती आलेले एक लाख ऐंशी. प्रत्येकी एकेचाळीस हजारांचा तोटा, खरेदीचे पासष्ट वेगळे. वर्कशॉपवाल्यांनी बाहेर पडायचं ठरवलं, भांडण न करता. व्हॉट्सअॅपवरच्या दोघांपैकी एकाने अंगठ्याऐवजी पहिल्यांदाच पूर्ण वाक्य लिहिलं: ‘मी थांबतो.’ थांबतो म्हणजे राहतो की सोडतो, यावर दहा मिनिटं गेली. सोडतो, असं निघालं.

घोडीचं काय करायचं, हा खरा विषय होता, आणि इथे दहा मालकांपैकी कुणी विनोद केला नाही. धावण्याचं वय संपलेल्या घोड्यांपुढे वाटा थोड्या. चांगल्या रक्ताची घोडी पैदाशीला जाते; पण छबीच्या पानावर जाड नाव पणजीच्या बहिणीचं. काही घोडे घोडेस्वारीच्या शाळांत जातात, काही हिल स्टेशनवर, काही वरातीत. काही अशा ठिकाणी, ज्याची चौकशी मालक करत नाहीत. पुण्याला यातली एक वाट वेगळी माहीत आहे. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला लस-प्रतिविषासाठी दिले जात. घोड्याच्या रक्तातून धनुर्वाताचं आणि सर्पदंशाचं औषध निघतं. त्यातूनच सायरस पूनावालांना कल्पना सुचली आणि १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. करोनात आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात जी सुई गेली, तिच्या कारखान्याचं मूळ रेसच्या तबेल्यात आहे.

छबी साडेतीन वर्षांची आहे. तिला पुण्याजवळच्या एका फार्मवर विश्रांतीला ठेवायचं ठरलं. बागायतदार म्हणाले, माझ्या मळ्यात ठेवा, लसूणघास घरची आहे. ट्रेनरने नको म्हटलं. वर्कशॉपवाल्यांचा भाग बागायतदारांनी घेतला, दुसरा रिकामा झालेला भाग बाईंनी. मामांना छबीबरोबर फार्मवर जाता येणार नाही, मोसमासाठी त्यांना दुसरी दोन शिंगरं दिली आहेत, महालक्ष्मीला. त्यांनी काकांना एवढंच विचारलं की जूनमध्ये ती परत आली तर आपल्याकडेच देणार ना. काकांनी ते ट्रेनरला कळवलं आणि ट्रेनर हो म्हणाला.

बैठक संपली त्या रात्री साडेदहाला ग्रुपवर काकांचा निरोप आला: ‘फार्मचे बावीस हजार. प्रत्येक भागाला दोन हजार दोनशे. ज्यांचे दोन भाग, त्यांनी दुप्पट. पाच तारखेच्या आत. शुभ दीपावली.’